दात शाबूत, म्हणजे गिअरबॉक्स ठणठणीत?

गाडीवाल्यांच्या ग्रुपमध्ये एक सल्ला हमखास फिरतो: ‘गिअर टाकताना कर्रर्र वाजलं की सिंक्रो रिंग गेली. गिअरबॉक्स उघडा, दात तुटले नसतील तर नुसत्या रिंगा बदला आणि जाड ऑइल भरा.’ सिंक्रो रिंग म्हणजे गिअर अडकण्याआधी घासून दोन्हींचा वेग जुळवणारी रिंग. या सल्ल्यातलं एकही वाक्य जसंच्या तसं खरं नाही.

कर्रर्र म्हणजे सिंक्रोच? आधी क्लच तपासा. गाडी उभी, इंजिन आयडलवर. क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. रिव्हर्सला सिंक्रो नसलेल्या गाडीत तेव्हाही दात वाजले, तर क्लच पुरता सुटत नाही. अशा वेळी गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एखादाच गिअर, बहुधा दुसरा, चालत्या गाडीत वाजत असेल तर मात्र संशय सिंक्रोवर.

दात शाबूत म्हणजे सगळं ठीक? लोक बघतात ते मोठे तिरपे दात. ते सहसा शेवटी जातात. आधी झिजतात ते गिअरच्या कडेचे छोटे टोकदार दात, ज्यांत स्लीव्ह (सरकून गिअर जोडणारं कडं) अडकते. त्यांची टोकं बोथट झाली असतील तर नवी रिंगही फार दिवस टिकत नाही. बाजू झिजून उतरत्या झाल्या असतील तर गिअर निसटतो. स्लीव्हच्या आतले दातही तसेच बघा.

रिंग डोळ्यांनी पास करू नका. ती गिअरच्या कोनवर (रिंग बसते त्या निमुळत्या भागावर) बसवून हाताने समान दाबा आणि रिंग व गिअर यांच्यातली फट फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तीन ठिकाणी मोजा. बऱ्याच छोट्या गाड्यांत नवीन रिंगला ही फट साधारण १ मिमी असते आणि ०.५ मिमीच्या आसपास रिंग बाद धरतात. पक्का आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. रिंग झिजते तशी कोनवर पुढे सरकते. फट संपली की ती गिअरला टेकते आणि कोनला पकडायला दाबच उरत नाही. पितळी रिंगच्या आतल्या बारीक आट्या धारदार हव्यात, कारण ऑइलचा थर त्याच कापतात. आट्या चपट्या झाल्या तर दाबून फिरवल्यावर रिंग घसरते. कोन निळा पडला असेल किंवा त्यावर खोल चरे असतील तर गिअरही बदलावा लागतो.

गिअर निसटत असेल तर फोर्कची (स्लीव्ह सरकवणाऱ्या काट्याची) टोकं आणि स्लीव्हची खाच यांतली फटही मोजा. मिलिमीटरच्या पुढे गेली असेल तर बहुतेक ठिकाणी फोर्क बाद.

जाड ऑइल? त्याने बेअरिंगची घरघर थोडे दिवस दबते, इतकंच. थंडीत ते घट्ट होतं, शाफ्टचा वेग जुळायला वेळ लागतो आणि गिअर आणखी अडतो. जीएल-४, जीएल-५ हे गिअर ऑइलचे दर्जे. जीएल-४ सांगितलेल्या गाडीत जीएल-५ टाकू नका. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची काही रसायनं पितळ खातात, शिवाय रिंग घसरू शकते.

आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावरची करडी लुबलुबीत भुकटी बघून घाबरू नका, ती नेहमीचीच. नखाला लागणारे पोलादी तुकडे दिसले तर बेअरिंग आणि दात तपासा. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक ऑइलमध्ये असेल तर पितळी रिंगा झिजताहेत. जुन्या रिंगा परत वापरणार असाल तर कोणती कोणत्या गिअरची ते उतरवतानाच लिहून ठेवा. कोनशी जुळून झिजलेली रिंग दुसऱ्या कोनवर नीट बसत नाही.