आधी अटक, मग पुतळा

तुमच्या हाती एखाद्या शहराची, खात्याची किंवा गेला बाजार सोसायटीची सूत्रं असतील, तर एक ना एक दिवस कोणीतरी अर्ज घेऊन तुमच्या दारात उभं राहणारच. अर्जाची भाषा नम्र असेल आणि मागणी चिमूटभर. बेसावध माणसं नेमकी इथेच फसतात. एवढंसंच तर मागतायत, देऊन टाकू, असं म्हणतात आणि प्रकरण चहाच्या कपावर मिटतं. ना चळवळ, ना पुढारी, ना इतिहास. तुम्हाला असं विस्मृतीत जायचं नसेल, तर थोरामोठ्यांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा.

चिमूटभर मागणी नाकारून तिची चळवळ करून देण्याच्या या विद्येचे माझ्या मते आद्य आचार्य म्हणजे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहराचे महापौर डब्ल्यू. ए. गेल. २१ मे १९५४ रोजी तिथल्या 'विमेन्स पोलिटिकल कौन्सिल' या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघटनेच्या वतीने जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकाबाईंनी त्यांना पत्र पाठवलं. मागण्या तीन. बसमध्ये कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे, जागा मिळेल तसं बसावं. पुढच्या दाराशी पैसे घेऊन, खाली उतरवून, मागच्या दाराने चढायला लावू नये. (कारण मागच्या दाराशी पोचेपर्यंत बस निघून गेलेली असे, पैसे मात्र जमा.) आणि गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते, तशी आमच्याही वस्तीत थांबावी. बसमध्ये गोऱ्यांना आणि कृष्णवर्णीयांना वेगवेगळं बसवणारा भेदभावाचा कायदा रद्द करा, असं पत्रात कुठेही नव्हतं. मागून-पुढून बसण्याची ही पद्धत त्याच अलाबामातल्या मोबील शहरात चालूच होती. बसने जाणाऱ्या दर चार माणसांत तीन आम्ही आहोत आणि पंचवीसहून जास्त संघटनांत बहिष्काराची चर्चा चालू आहे, हेही बाईंनी लिहिलं होतं.

आता तुम्ही काय केलं असतंत? तेच महापौरांनी केलं. काही नाही.

दीड वर्ष गेलं. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कॉल्विन नावाची पंधरा वर्षांची शाळकरी मुलगी जागेवरून उठली नाही, तिला हातकड्या घालून नेलं. १ डिसेंबरला रोझा पार्क्स उठल्या नाहीत. तिथला नियम समजून घेण्याजोगा आहे. पुढच्या दहा जागा गोऱ्यांच्या, त्या रिकाम्या असल्या तरी रिकाम्याच ठेवायच्या. मधल्या रांगेत एक जरी गोरा बसणार असेल, तरी त्या रांगेतल्या चौघांनीही उठायचं. त्या संध्याकाळी एका गोऱ्या माणसाला बसायचं होतं. तिघं उठले, पार्क्सबाई बसून राहिल्या. त्याच रात्री रॉबिन्सनबाईंनी आपल्या कॉलेजातल्या यंत्रावर हजारो पत्रकं काढली आणि ५ डिसेंबरच्या सोमवारी बस रिकाम्या धावल्या.

इथून पुढे शिकण्यासारखं फार आहे. लोक बसऐवजी टॅक्सीने जाऊ लागले, कारण कृष्णवर्णीय टॅक्सीवाले बसच्याच भाड्यात, म्हणजे दहा सेंटमध्ये नेऊ लागले. शहराने ताबडतोब नियम दाखवला: किमान भाडं पंचेचाळीस सेंट. मग लोकांनी आपापल्या मोटारी काढल्या, थांबे ठरवले, जवळजवळ तीनशे गाड्यांची समांतर वाहतूक उभी केली. मग गाड्यांचे विमे रद्द व्हायला लागले; त्यांनी थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरवला. पोलिसांनी वाहतुकीचे नियम फार काटेकोर पाळून घ्यायला सुरुवात केली. बहिष्काराचं पुढारपण करणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग नावाच्या सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या धर्मोपदेशकाला ताशी पंचवीस मैलांच्या रस्त्यावर तीसने गाडी चालवली म्हणून अटक झाली. आपण असं काही करतो तेव्हा 'कायदा सर्वांना सारखा' हे वाक्य म्हणायला विसरू नये.

गोऱ्या गृहिणींनी मोलकरणींना आपल्या गाडीतून आणू-सोडू नये, असं आवाहनही महापौरांनी केलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. वंशश्रेष्ठत्व राखायचं की स्वतःची भांडी स्वतः घासायची, असा पेच पडल्यावर शहरातल्या पुष्कळ घरांतून मोटारी गुपचूप निघत राहिल्या. तत्त्वाची बाब वेगळी आणि सिंकमधली भांडी वेगळी.

स्वयंपाकघराचा विषय निघालाच आहे तर जॉर्जिया गिल्मोर यांचंही सांगतो. त्या एका खानावळीत स्वयंपाकीण होत्या. बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात बसवाल्यांच्या वागणुकीबद्दल साक्ष दिली आणि नोकरी गेली. बाईंना गप्प बसवायचा हा नामी उपाय होता, फक्त त्याने बाईंना दिवसभर मोकळा वेळ मिळाला. बहिष्कारासाठी त्या नि त्यांच्या मैत्रिणी चिकन तळून, केक, 'पाय' असे गोड पदार्थ भाजून विकतच होत्या, आता घरच खानावळ झालं. जमलेले पैसे सभेत दिले जात, त्यातून त्या गाड्यांचं पेट्रोल निघे. या मंडळींच्या गटाचं नाव होतं 'क्लब फ्रॉम नोव्हेअर'. कोणी विचारलंच की पैसा आला कुठून, तर कुठूनच नाही. गोऱ्यांच्या घरी कामाला जाणाऱ्या बायकांची नावं बाहेर फुटू नयेत, म्हणून ही युक्ती. गिऱ्हाइकांत गोरेही होते म्हणतात. चव चांगली असली की माणूस भाबडा होतो.

तरीही चळवळ मोडेना, तेव्हा हुकमी एक्का काढावा: सगळ्यांवर खटले. १९२१चा एक जुना बहिष्कारविरोधी कायदा शोधून ८० हून अधिक लोकांवर फेब्रुवारी १९५६ मध्ये आरोप ठेवले गेले. अपेक्षा अशी की लोक लपतील. लोक चांगले कपडे घालून, हसत, स्वतःहून अटक करवून घ्यायला आले, आणि ज्यांचं नाव यादीत नव्हतं ते हिरमुसले. हा प्रसंग तुमच्यावर आला तर समजा की भीती नावाचं तुमचं भांडवल संपलं. पण म्हणून थांबायचं का? छे! नोव्हेंबरच्या १३ तारखेला मोटारींची ती समांतर वाहतूक बंद करायची मागणी घेऊन शहर कोर्टात उभं होतं. सुनावणी चालू असतानाच किंग यांच्या हातात एका वार्ताहराने चिठ्ठी दिली. सर्वोच्च न्यायालयाने बसमधला भेदभावच घटनाबाह्य ठरवला होता. त्या दिवशी शहराने खालच्या कोर्टात गाड्यांविरुद्धचा मनाई हुकूम मिळवलाही. सरशी झाली, फक्त भांडण शिल्लक राहिलं नव्हतं.

तीन किरकोळ मागण्यांच्या ठिकाणी कायदाच गेला, बसला ३८१ दिवस कृष्णवर्णीय गिऱ्हाईक नाही, आणि शहराने जगाला एक पुढारी करून दिला. हे सगळं महापौरांच्या खंबीरपणाशिवाय जमलं नसतं.

दुसऱ्याला अपशकुन करायचा तर आपलं नाक कापायची तयारी हवी, आणि मॉन्टगोमेरीत ती होती. पुढे सार्वजनिक बागांतला भेदभाव कोर्टात गेला, तेव्हा १९५९ पासून शहराने सगळ्या बागाच बंद केल्या. प्राणिसंग्रहालयातली जनावरं काढून टाकली, पोहण्याचा तलाव बुजवला. गोऱ्यांची पोरंही उन्हाळाभर घरात. बागा उघडल्या १९६५ मध्ये. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्याने तर त्याच १९५९ मध्ये सरकारी शाळा बंद केल्या, त्या पाच वर्षं. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली. बाकीच्यांनी काय करायचं याची तरतूद करायची राहून गेली.

युरोपातल्या मंडळींना हे सगळं जरा रांगडं वाटतं. तिथे नकारालाही पॉलिश असतं. लंडनच्या पार्लमेंटात स्त्रियांनी कामकाज पाहायचं ते उंच सज्जातून, आणि तेही जाड धातूच्या जाळीआडून, म्हणजे सभासदांचं चित्त विचलित होणार नाही. ऑक्टोबर १९०८ मध्ये दोघी जणींनी स्वतःला त्या जाळीला साखळदंडांनी कुलूपबंद करून घेतलं आणि मताधिकारावर भाषण सुरू केलं. कुलपं निघेनात. शेवटी जाळीच उखडली आणि बाईंसकट दुसऱ्या खोलीत नेऊन कुलपं कापली. जाळी शाबूत ठेवण्यासाठी एवढा आटापिटा, आणि तीच काढावी लागली! (पुढे पुन्हा बसवली हो. १९१७ मध्ये कायमची निघाली.) मग तुरुंगात उपोषण केलं तर नळीने अन्न कोंबायचं, १९१३ पासून बाई अशक्त झाली की सोडायचं आणि बरी झाली की पुन्हा धरायचं. या कायद्याला लोकांनी मांजर-उंदराचं नाव दिलं.

या काळातले आपल्या ओळखीचे गृहस्थ म्हणजे लॉर्ड कर्झन. बंगालची फाळणी उरकून मायदेशी गेल्यावर हात रिकामे होते, म्हणून ते स्त्री-मताधिकारविरोधी संघाचे अध्यक्ष झाले. बायकांना मत का देऊ नये याची पंधरा कारणं त्यांनी छापली. त्यातलं शेवटचं कारण आपण: भारतात याचा फार गैरसमज होईल आणि तिथे साम्राज्याची बाजू दुबळी पडेल. आपल्या नावाने कोण कुठे काय नाकारत असतं, पत्ताच नसतो. जानेवारी १९१८ मध्ये मताधिकाराचं विधेयक उमरावांच्या सभागृहात आलं, तेव्हा संघाच्या याच अध्यक्षांनी उमरावांना सांगितलं की निवडून आलेल्या कॉमन्स सभागृहाशी भांडण नको, आणि स्वतः मतदान केलं नाही. तीस वर्षांवरच्या काही स्त्रियांना मत मिळालं. तीन वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळानेही मालमत्तेच्या अटीवर स्त्रियांना मत दिलं. गैरसमज झाल्याचं ऐकिवात नाही.

स्वित्झर्लंडची चिकाटी मात्र कोणालाच साधली नाही. १९५९ मध्ये तिथल्या पुरुषांनी ६७ टक्क्यांनी नाही म्हटलं, १९७१ मध्ये हो. पण ॲपेनझेल इनररोडन या छोट्याशा प्रांतात चौकात जमून, कमरेला तलवार लावून, हात वर करून मतदान करायचा रिवाज. त्यांनी एप्रिल १९९० मध्येसुद्धा नाहीच म्हटलं. बर्लिनची भिंत पडून सहा महिने झाले होते. नोव्हेंबरात न्यायालयाने त्यांचं ऐकलं नाही. न्यायालयं ऐकत नाहीत, हे या क्षेत्रातलं मोठंच दुखणं.

आता अखेरचा टप्पा, ज्यात नवखे लोक घाई करतात. हरल्यावर तोंड लपवू नये. थोडं थांबावं आणि अनावरणाला जावं. मताधिकार चळवळीच्या एमेलिन पँकहर्स्ट १९२८ मध्ये, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत देणारा कायदा होण्याच्या काही दिवस आधी वारल्या. मार्च १९३० मध्ये पार्लमेंटशेजारच्या बागेत त्यांचा पुतळा उभा राहिला. अनावरणाला माजी पंतप्रधान बाल्डविन. आणि बँड कोणाचा? लंडन पोलिसांचा! वीस वर्षांपूर्वी ज्या दलाने बायकांना फरफटत नेलं, त्याच दलाने सूर लावला, आणि बँड चालवत होत्या एथेल स्मिथ, स्वतः याच चळवळीत तुरुंगात जाऊन आलेल्या.

मॉन्टगोमेरीतही १ डिसेंबर २०१९ रोजी रोझा पार्क्सचा पुतळा बसला, त्या जिथे बसमध्ये चढल्या त्याच्या जवळच. अनावरणाला गव्हर्नरबाई होत्या आणि शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर. तुमची खुर्ची इतकी हातची जाईल असं वाटत असेल, तर अलाबामा राज्याची आणखी एक तोड लक्षात ठेवा. किंग यांची जयंती १५ जानेवारी, आणि गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या फौजांचे सेनापती रॉबर्ट ली यांची १९ जानेवारी. राज्याने दोघांना मिळून एकच सुट्टी दिली, जानेवारीचा तिसरा सोमवार. शनिवार-रविवारला जोडून येते.