‘फ्यूज मोठा टाका’ हा सल्ला वायरिंग जाळतो

पावसाळ्यात दुचाकीवाल्यांमध्ये एक सल्ला हमखास फिरतो : “फ्यूज सारखा उडतो म्हणजे तो कमजोर आहे, 10 च्या जागी 20 अँपिअरचा टाका, नाहीतर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले की वायर ठीक. बॅटरी उतरते म्हणजे बॅटरी गेली. काहीच सापडलं नाही तर अख्खं वायरिंग बदला.”

यातला पहिला सल्ला सर्वांत घातक. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. प्रवाह दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. शॉर्ट (सोललेली वायर गाडीच्या पत्र्याला टेकणं) तसाच ठेवून 20 चा फ्यूज टाकला तर फ्यूजऐवजी वायरीचं प्लास्टिक वितळतं आणि त्याच जुडग्यातल्या शेजारच्या वायरी एकमेकींना चिकटतात. हे जुडगं पेट्रोलच्या टाकीखालून जातं. चांदीला तर कसलीच मर्यादा नसते. कंपनीने दिलेलाच आकडा ठेवा : पात्याच्या फ्यूजमध्ये 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा.

शॉर्ट शोधायला फ्यूज जाळत बसायची गरज नाही. फ्यूज काढून त्याच्या रिकाम्या खाचेतल्या दोन टोकांमध्ये ब्रेक लाइटचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब जोडा. पूर्ण शॉर्ट असला तरी त्यातून साधारण पावणेदोन अँपिअरच जातात, म्हणून वायर तापत नाही. हेडलाइटचा कपलर (वायरींचा प्लग) आधी काढा (एप्रिल 2017 नंतरच्या गाड्यांत हेडलाइट बंदच करता येत नाही). नाहीतर हेडलाइटच्या थंड फिलामेंटमुळे टेस्ट बल्ब जवळजवळ पूर्ण पेटतो आणि शॉर्ट नसताना शॉर्ट भासतो. आता चावी लावून एकेक स्विच दाबा. ब्रेक दाबल्यावर टेस्ट बल्ब आणि ब्रेक लाइट दोन्ही मंद पेटले तर लाइन चांगली. टेस्ट बल्ब लख्ख आणि ब्रेक लाइट अंधार, तर शॉर्ट त्याच लाइनला. मग हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा, टाकीखालचं आणि सीटखालचं जुडगं हलवा, मागच्या मडगार्डमधली टेल लाइटची वायर ओढून बघा. जिथे हलवल्यावर टेस्ट बल्ब लुकलुकतो तिथे वायर सोलली आहे. हँडलच्या मानेजवळची घासलेली वायर हे सर्वांत नेहमीचं ठिकाण.

“12 व्होल्ट दिसतात” यावरही भरवसा ठेवू नका. मीटर जवळजवळ प्रवाहच ओढत नाही, त्यामुळे एकच तार शिल्लक असलेली वायरही 12 दाखवते. लाइट चालू ठेवा आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर, दुसरी बल्बच्या प्लसवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मध्ये कुठेतरी कपलर हिरवा पडलाय किंवा वायर तुटत आलीय. बल्बच्या अर्थपासून (पत्र्याला जोडलेल्या मायनस टोकापासून) बॅटरीच्या मायनसपर्यंत 0.2 च्या वर गेलं तर अर्थचा बोल्ट खोलून घासा. हेडलाइट मंद असण्याचं हे कारण फार वेळा निघतं आणि ते फुकटात सुटतं.

बॅटरी बदलण्याआधी दोन मोजमापं घ्या. इंजिन 4000 ते 5000 फेऱ्यांवर असताना बॅटरीवर 13.5 ते 14.5 व्होल्ट हवेत. 15 च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचा व्होल्ट आवरणारा भाग) बिघडलेला. वाढच नसेल तर इंजिनमधल्या चार्जिंग कॉइलच्या तीन वायरींमध्ये एसी मोजा : तिन्ही जोड्यांत सारखं यायला हवं आणि एकीचाही अर्थशी संपर्क नको. चार्जिंग बरोबर असेल तर चावी बंद करून बॅटरीच्या मायनसची वायर काढा आणि ती व बॅटरी यांच्यामध्ये मीटर 10 अँपिअरच्या खाचेतून जोडा. काही मिलिअँपिअर चालतात. 50 गळत असतील तर 5 अँपिअर-तासाची बॅटरी चार दिवसांत रिकामी होते, नवी आणली तरी. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका.

अख्खं वायरिंग बदलायची वेळ जुडगं आतून जळल्यावरच येते. एरवी काळी पडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची वायर डागून (सोल्डर करून) जोडा आणि वर हीट श्रिंक नळी (गरम केल्यावर आवळणारी) चढवा. नुसती टेप उन्हात सुटते. डागलेला जोड मानेच्या वाकणाऱ्या भागात नको, तिथे तो तुटतो. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सरच्या वायरींना बल्बचा टेस्टर लावू नका, फक्त मीटर वापरा. आणि ज्या पत्र्याच्या कडेने वायर घासली, तिच्यावर उभा चिरलेला रबरी पाइप बसवा. ती कड उघडी राहिली तर नवा वायरिंग सेटही तिथेच सोलतो.