गडावरची कचेरी

२०१९ साली राज्यातले २५ किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या बेतावरून उठलेला गदारोळ आणि पाठोपाठ संरक्षित किल्ल्यांना हात लावणार नसल्याचा सरकारी खुलासा मी जर्मनीत, कोलोनजवळ राहून वाचला. तेव्हापासून गावाकडे विषय निघाला की किल्ल्यात हॉटेल नको, लग्ने नकोत आणि सरकारी कचेरीही नको, असा सूर हमखास लागतो. पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत, तिसरी नाही.

आम्ही जालन्याचे. पहिल्या निजामाच्या, म्हणजे आसफजाहच्या हुकमाने बांधलेल्या तिथल्या किल्ल्याची पडझड झाली. त्याच्या बालेकिल्ल्यात, मस्तगडात, मात्र नगरपालिकेची कचेरी आली. १७२५ हे बांधकामाचे साल सांगणारा फार्सी शिलालेख आणि सज्जे-दालने असलेली मोठी विहीर याच गडावरची. घरपट्टी भरायला येणाऱ्यांचा राबता असला की निदान दाराला कडी राहते आणि गळक्या छताची तक्रार करायला कोणीतरी असते.

इथे जवळच बेन्सबर्गला गोटफ्रीड ब्योम या वास्तुविशारदाने १९६०च्या दशकात जुन्या गढीच्या अवशेषांतच नगरपालिकेची इमारत उभी केली. मध्ययुगीन दगडी बुरूज तसेच ठेवून मध्ये उघडेबोडके काँक्रीट ओतले आहे आणि जिन्याच्या मनोऱ्यावर पायऱ्यांबरोबर खिडक्याही तिरक्या वर चढत जातात. सगळ्यांना ती रुचली असे नाही (चेष्टेत तिला माकडांचा कडा म्हणतात), शिवाय त्या काँक्रीटची दुरुस्ती खर्चिक आहे. परंतु जुने कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे तिथे दाखला काढायला आलेल्या माणसालाही दिसते.

आपल्याकडे घोडे नेमके इथे अडते. चुन्यातल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला की आतला ओलावा कोंडतो आणि दगड झिजू लागतो. वर ऑइलपेंटचा हात मारला की दुखणे झाकले जाते एवढेच. हा दोष कचेरीचा नव्हे, ठेकेदाराला चुन्याचे काम न सांगणाऱ्या अंदाजपत्रकाचा आहे.

२०२३ मध्ये जालन्याची महानगरपालिका झाली. वाढता कारभार सगळाच्या सगळा मस्तगडावर मावणार नाही, हे उघड आहे. तरी जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची खिडकी तिथेच असावी, भिंतींना चुनाच लागावा आणि विहिरीतला गाळ काढण्याचा खर्चही इमारतीच्या देखभालीतच धरावा.