बैलगाडी मोजतात ते बरोबरच आहे

यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "रस्त्याच्या कडेला तक्ते घेऊन पोरं बसली की समजा टोल येतोय. फोनच्या नकाशात सगळी ट्रॅफिक दिसते, मग गाड्या मोजायला पैसा कशाला? सात दिवसांत काय कळणार? हे तर बैलगाड्याही मोजतात! यांना काही सांगू नका." शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही, कारण त्यात नुकसान आपलंच आहे.

टोलचं आधी. रस्त्यांचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे; तिचे वाहनगणनेचे निकष 1972 सालचे आहेत. ज्या जिल्हा मार्गांवर टोलनाका कधी आलाच नाही, तिथेही मोजणी होते.

नकाशाचा रंग गाड्यांचा वेग सांगतो. रस्ता हिरवा दिसला म्हणजे तिथून पन्नास गाड्या गेल्या की दोन हजार, आणि त्यांत भरलेले ट्रक किती, हे त्यातून कळत नाही. डांबराची जाडी ठरते ती मात्र ट्रकांवरून. हिशेबाला 8.16 टन भाराचा एक अ‍ॅक्सल, म्हणजे चाकांचा आस, धरतात. त्यावर दुप्पट वजन लादलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. केळीच्या गाड्या मोजणीत आल्याच नाहीत, तर रस्ता मोटारसायकलींच्या हिशेबाने होईल आणि दोन पावसाळ्यांत उखडेल.

परवा रात्री फैजपूरच्या पुढे एका टपरीच्या उजेडात असाच एक मुलगा बसलेला दिसला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. तास संपला की नवा रकाना. मी विचारलं, "रात्री कोण जातं रे एवढं?" म्हणाला, "काका, केळीच्या गाड्या रात्रीच निघतात ना." फोनवरून मेसेज ढकलणाऱ्यांपेक्षा त्या पोराला आपला रस्ता जास्त कळलाय.

आता बैलगाडी. रस्त्यावरची प्रत्येक गाडी किती कारांइतकी, हे मोजायचं माप म्हणजे पीसीयू. त्याच संस्थेच्या 1990 च्या निकषांत कार म्हणजे 1 पीसीयू, ट्रक किंवा बस 3, ट्रॅक्टर-ट्रॉली 4.5 आणि बैलगाडी 8. ती सावकाश चालते, मागे रांग लावते, म्हणून एवढी धरलेली. सपाट भागातल्या साडेपाच मीटरच्या रस्त्याला दिवसाला 6,000 पीसीयू झेपतात, दुपदरीला 15,000. शहाद्याकडे उसाच्या हंगामात शंभर बैलगाड्या गाळल्या, तर 800 पीसीयू कागदावरून गेले. मग रुंदीकरण कशाच्या जोरावर मागायचं?

सलग सात दिवस, चोवीस तास मोजलं की प्रत्येक गावचा आठवडे बाजार त्यात एकदा येतोच. शिवाय निकष वर्षातून दोन मोजण्या सांगतात, एक सुगीत आणि एक मंदीच्या दिवसांत. जत्रेचे दिवस टाळायचे असतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची गर्दी मोजून वर्षाची सरासरी काढणं चुकीचंच ठरेल.

एक शंका मात्र रास्त आहे: तक्ता घरी बसून भरला तर? भरला जाऊ शकतो, आणि म्हणूनच गावाचं लक्ष हवं. रात्री ठिकाणावर माणूस आहे का ते बघा. थांबवून कुठून आलात, माल काय, असं विचारलं तर खरं सांगा. आणि मोजणी फक्त उन्हाळ्यात उरकली जात असेल, तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर बांधकाम उपविभागाला लिहा: कापूस जिनिंगला जातो त्या दिवसांतही आमचा रस्ता मोजा.