गोव्याचं महाराष्ट्रात 'विसर्जन'

संध्याकाळी भाचा प्रोजेक्ट घेऊन आला, तोंड पाडून. "मावशे, सगळीं उतरां बदललीं हांवें, तरी टीचर कॉपी म्हणटा." उतरां म्हणजे शब्द.

विषय जनमत कौल, 16 जानेवारी 1967: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित संघप्रदेश राहावा, यावरचं मतदान. दुसऱ्याच ओळीला माझा चहा सांडला. 'विलीनीकरणा'चं याने 'विसर्जन' केलंय! गोवा म्हणजे काय चवथीचा गणपती? पुढे फूल या निशाणीचं 'पुष्प', दोन पानांची 'पर्णद्वयी'. आणि विलीनीकरण 34,021 मतांनी फेटाळलं गेलं, ते 'काही हजारांनी'. बदलू नये ते सगळं बदललं. वाक्यांची चाल मात्र मूळ लेखातलीच, स्वल्पविरामासकट. टीचरचं काय चुकलं?

मला आमची आजी आठवली. शेवटी शेवटी तिला ऐकू येईना, म्हणून देवळातलं कीर्तन ऐकून घरी येऊन तिच्या कानाशी सांगायचं काम माझं. गजेंद्रमोक्षाच्या रात्री मी 'नक्राने गजेंद्राचा चरण धरिला' असं बुवांच्या थाटात सुरू केलं. आजी म्हणाली, "हें बुवाचें. तुका कितें कळ्ळें तें सांग." मग अडखळत सांगितलं: मगरीने हत्तीचा पाय धरला, हत्ती दमला, सोंडेत कमळ धरून देवाला हाक मारली, देव आला.

"आनी मगरीचें कितें जालें?"

झालं! तिथे मला डुलकी लागली होती. दुसऱ्या दिवशी बुवांना जाऊन विचारावं लागलं. मगर शापित गंधर्व, तिचीही सुटका झाली. सांगताना अर्धी गोष्ट मी परस्पर गाळली होती.

'स्वतःच्या शब्दांत लिहा' म्हणजे हेच ना? की शब्दकोश उघडून एकेका शब्दाचे कपडे बदलायचे? हल्ली तर तेही मोबाइल करून देतो. संताप येतो. आपल्या पोरांना कोणी पुस्तक मिटायलाच सांगत नाही!

बरं, मान्य, आठ विषयांचे आठ प्रोजेक्ट, त्यात ट्युशन; पोरं तरी काय करणार.

शेवटी मीच लेख उलटा ठेवला. म्हटलं, मी बहिरी, सांग. सुरुवातीला गडबडला. मग म्हणाला, फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात जायचं, दोन पानांना म्हणजे संघप्रदेश राहायचं, आणि लोकांनी पानं निवडली. तस्संच लिही म्हटलं. तारीख, आकडा, निशाण्या आणि 'विलीनीकरण' मुळातून पडताळून घे, त्यांना हात लावू नको. आणि लेख कुणाचा ते खाली घाल, बुवांचं नाव न घेता कीर्तन सांगितलं तर आजी लगेच विचारायची, "कोणें सांगलें तें?"

लिहिता लिहिता पोराने मान वर केली. "मावशे, तुजे आजयेन मत कोणाक मारिल्लें? फुलाक काय पानांक?"

इतकी वर्षं तिला मी कीर्तनं सांगितली. हे मात्र कधी विचारलं नाही.