‘आईबाप धडधाकट आहेत, डॉक्टरांनी छाती तपासली आहे’: जर्मन शेफर्डच्या हृदयाबद्दलचा खोटा दिलासा

जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायला निघालेल्या माणसाकडे एक मजकूर हमखास येऊन पोचतो. त्याचा सारांश असा: ‘हृदयविकार हा डॉबरमन आणि बॉक्सरचा आजार. शेफर्ड मुळातच दणकट. आईबाप धडधाकट असतील, कागद असतील आणि डॉक्टरांनी नळी लावून ठीक म्हटलं असेल तर निर्धास्त घ्या. एखादं तरणंताठं पिल्लू झोपेत गेलंच, तर कुणीतरी विष घातलं असं समजा.’

यातल्या शेवटच्या वाक्याने आमच्या घरात काय केलं ते पुढे सांगते. आधी पहिलं वाक्य.

डॉबरमनमध्ये हृदयाचा स्नायू ताणून कमजोर होण्याचा आजार खूप आढळतो, हे खरं. पण म्हणून शेफर्ड सुटला असं होत नाही. महाधमनीच्या झडपेखाली तंतुमय कडं तयार होऊन रक्ताची वाट अरुंद होते, तो जन्मजात दोष ज्या जातींत जास्त दिसतो त्यांत न्यूफाउंडलंड, बॉक्सर, रॉटवायलर यांच्यासोबत जर्मन शेफर्डचंही नाव आहे. शिवाय या जातीचा स्वतःचा असा एक आजार आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात सिडनी मॉइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली त्याचं वर्णन केलं: तरुण जर्मन शेफर्डमध्ये आनुवंशिकतेने येणारी ठोक्यांची बिघडलेली लय आणि त्यातून अचानक येणारा मृत्यू. ज्या जातीचं नाव घेऊन आजाराचं वर्णन झालं, तिलाच ‘हा आजार नसतो’ म्हणणं म्हणजे कमालच आहे.

‘आईबाप धडधाकट आहेत’ हा मुद्दा सगळ्यांत पटणारा वाटतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. हा आजार वयाला बांधलेला आहे. साधारण तीन-साडेतीन महिन्यांनंतर लय बिघडायला लागते, सहा-सात महिन्यांच्या आसपास ती सर्वांत वाईट असते, आणि दीड-दोन वर्षांनंतर बिघाड बराच ओसरतो. धोका मुख्यतः चार महिने ते दीड वर्ष या काळातला. आता मेटिंग कोणत्या वयात होतं ते आठवा. दोन-तीन वर्षांचा नर किंवा मादी त्या काळातून तगून बाहेर आलेली असते. तिच्याकडे पाहून काही कळत नाही, कारण दिसण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. पण दोष तिच्या रक्तात असतो आणि पुढच्या वेतात उतरतो. आई धडधाकट आहे याचा अर्थ एवढाच की ती वाचली. म्हणून विक्रेत्याला मादीची तब्येत विचारून भागत नाही. तिच्या आधीच्या वेतांतली पिल्लं दीड वर्षापर्यंत जगली का, हे विचारायला हवं.

नळीचंही तसंच. स्टेथोस्कोपने मर्मर ऐकू येते, म्हणजे रक्त अडखळत किंवा उलटं वाहण्याचा आवाज. झडपेखालचं कडं त्यात सापडू शकतं, पण तेही जन्मानंतर हळूहळू वाढतं, त्यामुळे आठ आठवड्यांच्या पिल्लात मर्मर नसणं ही हमी नव्हे. (उलटही खरं आहे: लहान पिल्लात कधी कधी हलकी मर्मर असते आणि काही महिन्यांत निघून जाते. ती ऐकून लगेच पिल्लू परत करू नका, पुन्हा तपासा.) लयीच्या आजारात मात्र झडपा ठीक असतात, स्नायू ठीक असतो, सोनोग्राफीत हृदय सुरेख दिसतं. डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्याला, मिळणाऱ्या सिंपथेटिक (ठोके वाढवणाऱ्या) मज्जातंतूंचं जाळं काही भागांत अपुरं असतं, आणि ते नळीला किंवा एक्स-रेला कळण्यासारखं नाही. ठोके मंदावले की मधूनच वेडेवाकडे, मिनिटाला तीनशेहून जास्त वेगाचे झटके येतात. म्हणूनच मृत्यू बहुतेक वेळा झोपेत किंवा खेळून आल्यावर पडल्यापडल्या होतो. तपासणीच्या टेबलावर घाबरलेल्या पिल्लाचे ठोके वाढलेले असतात, आणि नेमका तेव्हाच आजार दडलेला असतो. त्याला पकडायला 24 तास छातीला बांधायचं, ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं होल्टर यंत्र लागतं, तेही योग्य वयात.

होल्टर गावोगावी मिळत नाही, हे मान्य. पण ‘मिळत नाही’ आणि ‘गरज नाही’ यांत फरक आहे.

कागदांबद्दल थोडक्यात. वंशावळीचा दाखला पणजोबा कोण हे सांगतो. हृदय तपासलं होतं का, हे त्यावर लिहिलेलं नसतं. कुणी ‘डीएनए क्लिअर’ म्हणालं तर कशासाठी क्लिअर ते विचारा. पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या एका आजारासाठी अशी चाचणी आहे. या लयीच्या आजारात एकाहून जास्त जनुकांचा हात असावा असं दिसतं, आणि एका नमुन्यावरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगणारी चाचणी त्यासाठी नाही.

आता विष. आमचा शेरा सात महिन्यांचा असताना पहाटे त्याच्या गोणपाटावर गेला. ना उलटी, ना फेस, ना झटापट. आदल्या संध्याकाळी अंगणात चेंडूमागे धावत होता. घरात सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आला, आणि बोट गेलं ते त्याच्या भुंकण्यावरून कुरबुर करणाऱ्या शेजाऱ्यांकडे. बाबा त्यांच्या दारात जाऊन नको ते बोलून आले. शवविच्छेदनात पोटातल्या पदार्थांत विष सापडलं नाही, हृदयही नॉर्मल. ‘नॉर्मल’ वाचून आमचा संशय आणखी वाढला. पुढे एका पशुवैद्यांनी समजावलं की या वयाच्या शेफर्डचं झोपेत जाणं आणि शवविच्छेदनात काहीच न सापडणं, हेच या आजाराचं ओळखीचं चित्र आहे. शेराला तोच होता हे आता सिद्ध करता येणार नाही. विषबाधा होतच नाही असंही मी म्हणत नाही. शंका असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवाच. पण पुराव्याआधी माणूस दोषी ठरवायला हा मजकूर शिकवतो, आणि आम्ही ते केलं.

त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. विष म्हटलं की विषय संपतो. विक्रेत्याला कुणी कळवत नाही, भावंडांच्या घरी कुणी फोन करत नाही, तीच जोडी पुन्हा लावली जाते. वेळेत कळलं तर उपाय करता येतात: मेक्सिलेटिन आणि सोटालॉल या दोन गोळ्या एकत्र दिल्यास झटके कमी होतात. नुसत्या सोटालॉलने मात्र बिघाड वाढू शकतो, म्हणून पशुहृदयतज्ज्ञाशिवाय एकही गोळी नको.

शेराच्या वेतात सहा पिल्लं होती. बाबांनी आधी शेजाऱ्यांची माफी मागितली, मग आम्ही बाकीच्या पाच घरांचे नंबर शोधायला बसलो.