ताई, चष्मा नाकारला ते खरंय, पण बाकीचं ऐका

नमस्कार ताई. रिव्ह्यू काल रात्री वाचला, सकाळी परत वाचला. लेकाच्या डोळ्यांचा विषय म्हटल्यावर राग येणारच, त्यामुळे एक स्टारचं काही नाही. तुमचं म्हणणं असं की वर्षात दोन चष्मे आमच्याकडे केले, तिसऱ्यांदा आलात तर मी करून द्यायला नाही म्हणालो, केराटोकोनस असं काहीतरी नाव सांगून पोराला घाबरवलं आणि कमिशनसाठी मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. मुलाचे आकडे इथे चारचौघांत टाकणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

चष्मा नाकारला, आणि उद्या आलात तरी नाकारीन. ज्या पोराचा सिलिंडर नंबर, म्हणजे डोळ्याच्या असमान गोलाईचा नंबर, सहा महिन्यांत उडी मारतो आणि भिंगं बदलून बदलूनही खालच्या ओळी साफ होत नाहीत त्याला तिसरी काच विकणं म्हणजे तुमचे पैसे खाणं. तुम्ही विचारत होतात ना की बॅटरी मारून इतका वेळ काय बघताय, तर त्या उजेडाची पट्टी डोळ्यात सरळ सरकायला हवी, ती कात्रीसारखी उघडमिट करायला लागली की आमच्या पोटात गोळा येतो. केराटोकोनस म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया, पातळ होऊन शंकूसारखी पुढे येते, आणि मग चष्मा कितीही भारी करा, समोरचं फाटलेलंच दिसतं. पण नक्की तेच आहे का हे माझ्या दुकानात ठरत नाही, त्याला टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढणारी तपासणी लागते. चिठ्ठी परत बघा, त्यावर एकाही हॉस्पिटलचं नाव नाही, "कॉर्नियाच्या डॉक्टरांना दाखवा, टोपोग्राफी करा" इतकंच आहे. कमिशन कोणाकडून घेणार मी?

"आईचं काळीज तुम्हाला काय कळणार" असंही लिहिलंय. माझ्या मुलीला चौदाव्या वर्षी हेच निघालं. बाप चष्मेवाला, आणि पोरगी घरात रोज बोटांच्या पेरांनी कणीक मळल्यासारखे डोळे चोळत बसायची, तर मी म्हणायचो मोबाईल कमी बघ. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा म्हणाली बाबा मला चंद्र तीन दिसतात, एकाखाली एक, आणि आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिचं सीथ्रीआर झालं, म्हणजे बी2 व्हिटॅमिनचे थेंब टाकून वरून अल्ट्राव्हायोलेट लाईट देतात, कॉर्निया कडक होतो आणि बहुतेकांचं वाढणं थांबतं. नंबर जात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर त्याच्यावरून वेगळा रिव्ह्यू येईल. नवीन फॅड पण नाही, जर्मनीत ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी 2003 मध्ये निकाल छापले, अमेरिकेत 2016 ला मंजुरी मिळाली. मी शिकत होतो तेव्हा आम्हाला हे नव्हतंच, लेन्स घाला, वाट बघा, नाहीच जमलं तर कॉर्निया बदला, एवढंच. म्हणून मी घाई करतोय, वाढत्या वयात हे भराभर पुढे जातं.

आता ती स्क्लेरल लेन्स लावते, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स. महाग आहेत, खरंय. सकाळी टेबलावर आरसा आडवा ठेवून त्यावर वाकते, लेन्सच्या वाटीत सलाइन काठोकाठ, आत एक बुडबुडा राहिला की काढा आणि परत भरा, तोवर कॉलेजची बस गेलेली. आई मदतीला गेली की चिडते. एकदा मला म्हणाली डोळे माझे आहेत, डॉक्टरांशी तूच का बोलतोस.

आणि तेच मी तुमच्या मुलाबरोबर केलं. भर काउंटरवर, चार गिऱ्हाईकं उभी असताना, त्याच्या डोक्यावरून तुमच्याशी बोललो आणि "पुढे डोळ्याचं ऑपरेशन करून कॉर्निया बदलायची वेळ येते" असं बोलून गेलो. सगळ्यांवर ती वेळ येत नाही, वेळेत थांबवलं तर फार थोड्यांवर येते. ते माझं चुकलं, माफ करा. दुसऱ्या चष्म्याच्या वेळीही मला शंका यायला हवी होती, मशीनवरचा नंबर बघून मी सही ठोकली. त्या चष्म्याचे पैसे काढून ठेवलेत, घेऊन जा.

तोवर एकच करा, त्याला डोळे चोळू देऊ नका. खाज येत असेल तर ॲलर्जीचे ड्रॉप्स डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, मेडिकलमधून मनाने आणू नका. धाकटी बहीण पण चष्मा लावते असं लिहिलंय, तिचीही टोपोग्राफी करून घ्या, हे घराण्यात असू शकतं.

स्टार बदला म्हणत नाही. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते, तेव्हा त्याला घेऊन या. आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे त्याला कसे दिसतात ते विचारा, मी त्या दिवशी त्याला विचारलंच नव्हतं.